कमजोर हातासाठी ओपनर कसा निवडावा?

पत्र्याचा बंद डबा पूर्वी खेड्यात क्वचित दिसे. आता तसे राहिले नाही. आपल्या मावळात आंबीच्या शेजारी औद्योगिक वसाहत झाली. कुणाचा मुलगा कारखान्यात जातो, कुणाची सून जाते. मग दिवाळीला घरात रसगुल्ल्याचा किंवा गुलाबजामचा डबा येतो. आमरसाचा डबा तर बारा महिने मिळतो.

डबा आला, पण तो उघडायचा कोणी? तरणा माणूस घरात असला तर प्रश्न नाही. पण दुपारी घरात आजी आणि नातवंडंच असतात. संधिवातानं आजीच्या बोटांची पेरं सुजलेली. मूठ नीट मिटत नाही. नातवंडं तर डब्याभोवती बसलेली. मग आजी काय करते? कोयत्याची चोच डब्यावर टेकवते आणि वरून वरवंटा मारते. डबा घसरतो आणि कोयता हातावर येतो. नाही आला, तरी फाटलेल्या पत्र्याची कड सुरीसारखी असते. जखम खोल जाते. वर धनुर्वाताची भीती आहेच.

असे हाल आपलेच झाले असे नाही. पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवण्याचे पेटंट, म्हणजे सरकारी हक्क, इंग्लंडात पीटर ड्युरांड यांना 1810 साली मिळाले. डबा कापायचे खास हत्यार मात्र 1855 च्या सुमारास निघाले. मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षे शहाणेसुरते लोकही छिन्नी-हातोड्याने डबे फोडीत होते! फिरत्या चाकाचा ओपनर त्यानंतर, 1870 साली, अमेरिकेत विल्यम लायमन यांनी काढला.

आज दुकानात अनेक तऱ्हेचे ओपनर मिळतात. सगळ्यांत स्वस्त असतो तो चोचीचा. चोच पत्र्यात रुतवायची, दांडा वर-खाली करायचा आणि पत्रा फाडत जायचे. याला मनगटात जोर लागतो. शिवाय कड वेडीवाकडी फाटते. ज्याच्या हाताला बळ नाही, त्याने हा घेऊच नये. स्वस्त म्हणून घेतला तर तो खुंटीलाच लटकेल.

दुसरा चाकाचा. त्याला पक्कडीसारखे दोन दांडे असतात. एक चाक पत्रा कापते. दुसरे दातेरी चाक डब्याला पुढे ओढते. बाजूला फिरवायची किल्ली असते. डाव्या हाताने दांडे आवळून धरायचे आणि उजव्या हाताने किल्ली फिरवायची. म्हणजे कामे दोन झाली, आवळणे आणि पिळणे. दुखऱ्या हाताला हीच दोन कामे जड जातात. म्हणून ओपनर घेताना या दोन गोष्टी आधी बघा.

आवळण्याचे काम कमी कसे होते? काही ओपनरचे दांडे एकदा दाबले की आपोआप अडकून राहतात. काही नुसते डब्यावर ठेवून किल्ली फिरवली की स्वतःच कड पकडतात. असलाच मागा. दांडे जाड आणि गुळगुळीत असावेत. बारीक दांड्याला बोटे पुरी मिटावी लागतात, जाडाला अर्धी मिटली तरी चालतात. खुरप्याची मूठ बारीक झाली की आपण तिला चिंधी गुंडाळतो ना? तेच हे.

आता पिळण्याचे. जातं आठवा. खुंटा जात्याच्या कडेला असतो. तो मधल्या खिळीजवळ ठोकला असता तर एकीलाही दळता आले नसते. खुंटा मध्यापासून जितका लांब, तितके फिरवणे हलके. ओपनरच्या किल्लीचेही तसेच. चिमटीत धरायची आखूड किल्ली नको. लांब, मुठीत बसेल अशी हवी. शाळेत आम्ही तरफेचा नियम शिकवीत असू. पोरं तो घडाघडा म्हणत. पण सुपारी आणि अडकित्ता हातात दिल्याशिवाय एकालाही तो कळत नसे! सुपारी अडकित्त्याच्या बिजागरीजवळ धरली की पटकन फुटते, टोकाशी धरली की फुटत नाही.

काही ओपनर डबा वरून न कापता कडेच्या बाजूने कापतात. त्याने झाकण अख्खे निघते आणि धारदार कड राहत नाही. मला विचाराल तर दोन पैसे जास्त पडले तरी हा घ्यावा. का, ते ऐका. कुष्ठरोगात हाताची संवेदना जाते. मधुमेह जुना झाला की काहींच्या हातापायांना बधिरपणा येतो. अशा माणसाला पत्रा लागला तरी कळत नाही. रक्त दिसते तेव्हा कळते, आणि जखम चिघळते. हाताला असा बधिरपणा आला असेल, तर आधी आरोग्य केंद्रात हात दाखवा. कुष्ठरोगाचे औषध सरकारी केंद्रात फुकट मिळते. एका बाजूचा हात एकाएकी लुळा पडला, तर एक घटकाही न दवडता मोठे रुग्णालय गाठा.

पक्षाघाताने उजवा हात गेला असेल, तर चाकाचा साधा ओपनर कामाचा नाही. तो बहुधा उजव्या हाताने फिरवण्यासाठीच बनवलेला असतो, आणि त्याला दोन हात लागतात. अशा माणसासाठी बॅटरीचा ओपनर असतो. तो डब्यावर ठेवायचा आणि बटण दाबायचे. मग तो कडेकडेने आपोआप फिरतो. त्याचे सेल उतरले की तो बंद पडतो, म्हणून जादा सेल घरात ठेवावेत.

कमजोर हाताला जमेल असे हत्यार शोधणे ही एक विद्याच आहे. तिला व्यवसायोपचार म्हणतात. आपल्या देशात या विद्येची पहिली शाळा 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात निघाली. ती कमलाबाई निंबकर यांनी काढली. बाई जन्माने अमेरिकन, लग्नाने महाराष्ट्रीय. हात सुधारत असेल तर त्याला सराव द्यायचा, आणि सुधारत नसेल तर हत्यार बदलायचे, अशी ही रीत आहे.

ओपनर आणायला तळेगावच्या बाजारात मुलाला एकट्याला धाडू नका. ज्याचा हात दुखतो, त्यानेच जावे. पिशवीत एक बंद डबा न्यावा. दुकानदाराला म्हणावे, "दादा, जरा लावून बघू द्या." दांडे आवळून दहा आकडे मोजावेत. हात थरथरला तर दुसरा मागावा. लाजू नये.

घरी डब्याखाली ओले फडके घाला, म्हणजे डबा घसरत नाही. काही डब्यांना ओढायची कडी असते. तिच्याखाली नख घालू नका, चमच्याचा दांडा घालून ती उचला. बरणीचे झाकण फिरत नसेल, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा त्यावर धरून फिरवा. ओपनर वापरून झाला की धुवा, पुसा आणि चाकाला गोड्या तेलाचा एक थेंब द्या. गंजलेल्या चाकाला दुप्पट जोर लागतो. आणि डबा फुगलेला दिसला, तर तो उघडूच नका. आतले अन्न नासलेले आणि विषारी असू शकते. तो डबा गुराढोरांच्या वाटेत न टाकता खड्ड्यात पुरा.