ताणलेले कोकण, रेटलेला हिमालय

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या परिसरात वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. तळाशी ज्वालामुखी धुमसत असावा, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक हे पाणी पावसाचेच. खडकांतील भेगांतून ते खोल झिरपते, तापते आणि पुन्हा वर येते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला. पुढे सेशेल्सचा भूभाग भारतापासून विलग झाला. त्या वेळी पश्चिम किनारा ताणला गेला. एरवी आडवे असणारे बेसाल्टचे थर पनवेल परिसरात समुद्राकडे कललेले दिसतात, ती याच ओढाताणीची खूण मानली जाते. सह्याद्रीत हिमालयासारख्या घड्या आढळत नाहीत, त्या यामुळेच.

गंमत अशी, की त्याच भूपट्टाच्या उत्तर टोकाला नेमके उलटे घडले. लाव्हा वाहत असताना ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. ती वेगाने उत्तरेकडे सरकली आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडली. मधल्या समुद्राचा जड तळ आशियाखाली शिरला होता. खंडाचा हलका खडक मात्र तसा बुडेना. रेटा कायम राहिला. अखेर भूकवचाचे वरचे थर खालच्या थरांपासून सोलल्यासारखे सुटले, तुटले आणि छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर चढले. म्हणूनच हिमालयात अनेक ठिकाणी जुने खडक तरुण खडकांवर बसलेले आढळतात. थर ज्या तिरप्या भेगेवरून असे चढतात तिला भूशास्त्रात ‘थ्रस्ट’ म्हणतात.

फावड्याने ओली वाळू लोटून पाहावी. फावड्यापुढे ढीग उंचावतो, मग पायथ्याशी नवी वाळू उचलली जाऊन तो पुढे वाढतो. हिमालयाचेही तसेच झाले. आतला मुख्य मध्यवर्ती थ्रस्ट सर्वांत जुना, त्याच्या दक्षिणेचा सीमावर्ती थ्रस्ट नंतरचा आणि शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याचा तर आजही सक्रिय आहे. या पर्वताच्या भाराने पुढची जमीन वाकली. तो खोलगट भाग गाळाने भरून गंगेचे मैदान झाले.

हा रेटा अद्याप थांबलेला नाही. भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे ५ सेंटीमीटर सरकतो. त्यातील जवळपास २ सेंटीमीटर एकट्या हिमालयाच्या वाट्याला येतात. तळचा थ्रस्ट बहुतांश भागात अडकून बसल्याने शंभर वर्षांत सुमारे २ मीटरची सरक साठते आणि ती भूकंपात मोकळी होते. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, त्यात सुमारे ९,००० लोक मृत्युमुखी पडले. काठमांडूची जमीन जवळपास मीटरभर उचलली गेली. परंतु ती फूट दक्षिणेकडील पायथ्यापर्यंत पोहोचलीच नाही. त्या पट्ट्यातील ताण अजून सुटायचा आहे.