रामन राघव : भीती, कायदा आणि मनाचा आजार

उन्हाळ्यात आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे रात्री घरात झोपवत नाही. अंगणात खाटा टाकून माणसे झोपतात. झोपलेल्या माणसाच्या डोक्यात कोणी घाव घालून निघून जावे, ही कल्पना किती भयंकर आहे हे म्हणूनच आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. मुंबईच्या उपनगरांत रस्त्याकडेला आणि झोपड्यांत झोपणाऱ्या गोरगरिबांनी १९६५ ते १९६८ या काळात ही भीती प्रत्यक्ष भोगली. त्या भीतीचे नाव रामन राघव. अनेकांना हे नाव सिनेमामुळे माहीत आहे. त्याच्या खटल्यातून शिकण्यासारखे जे आहे ते मात्र फारसे सांगितले जात नाही. प्रस्तुत लेखात, विशेषतः विद्यार्थी मित्रांसाठी, ते थोडक्यात मांडीत आहोत.

१९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, रेल्वेमार्गालगतच्या वस्त्यांत रात्रीचे हल्ले सुरू झाले. त्या सुमारास १९ जणांवर हल्ले झाले व त्यांपैकी ९ जण दगावले. पद्धत एकच होती. झोपेतील माणसाच्या डोक्यावर जड वस्तूने प्रहार व्हायचा. ज्यांच्या दाराला कडी नाही, किंबहुना ज्यांना दारच नाही, असे लोक बळी पडत होते. त्या भागात संशयास्पद रीतीने भटकताना पोलिसांनी एका माणसाला पकडले. तो पूर्वी दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेला होता. परंतु हल्लेखोराला पाहणारा साक्षीदार नव्हता. पुराव्याअभावी त्याला सोडावे लागले. तोच रामन राघव होता.

१९६८ साली खून पुन्हा सुरू झाले. मुंबईभर घबराट पसरली. खुनी मांजराचे किंवा पोपटाचे रूप घेतो, अशा अफवा उठल्या. लोक लाठ्या घेऊन रात्री पहारा देऊ लागले आणि त्या पहाऱ्यात भिकारी, वेडसर, परके असे निरपराध लोक मार खाऊ लागले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खुनी गरिबांना मारीत होता आणि खुन्याच्या भीतीने जमावही गरिबांनाच मारीत होता.

तपासाची सूत्रे गुन्हे शाखेचे अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी डोंगरी भागात एका संशयिताला हटकले व ताब्यात घेतले. बोटांचे ठसे जुन्या नोंदींशी जुळले. 'सिंधी दलवाई' या नावानेही पोलीस दप्तरी असलेला रामन राघव तो हाच. मालाडजवळील चिंचवली गावात दोघांचा खून झाला होता, त्या प्रकरणी त्याला अटक झाली. जे काम अफवेने व लाठीने झाले नाही, ते नोंदी नीट जपून ठेवल्याने झाले.

१९६९ मध्ये खटला उभा राहिला. आरोपीचे मन ठिकाणावर नाही, असे बचावाच्या वकिलांनी सांगितले. पोलीस सर्जननी काही आठवडे निरीक्षण करून तो मनोरुग्ण नसल्याचे मत दिले. नायर रुग्णालयाच्या मानसोपचारतज्ज्ञाने मात्र त्याला जुना स्किझोफ्रेनिया असल्याची साक्ष दिली. भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ नुसार (आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२) मनोविकारामुळे आपण काय करतो किंवा ते चूक आहे, हेच ज्याला कळत नाही त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. आपण माणसे मारतो, हे राघवला कळत होते. सत्र न्यायालयाने त्याला दोषी धरून फाशी सुनावली. त्याने अपील करण्यास नकार दिला.

येथे गोष्ट संपली असती, पण आपल्या कायद्यात फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आरोपीने मागणी केली नाही तरी ही तपासणी व्हावीच लागते. मुंबई उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमविले. जग दोन आहेत, एक 'कानून'चे आणि दुसरे हे पापी जग. लोक आपले लिंग बदलू पाहत आहेत. चोऱ्या करण्यासाठी सरकारनेच आपल्याला मुंबईत आणले, अशा त्याच्या पक्क्या समजुती होत्या. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी हात पुढे केला, तेव्हा आपण 'कानून'चे प्रतिनिधी असून या जगातील माणसांना शिवत नाही, असे सांगून त्याने हात मिळविला नाही. आजार बरा होण्यासारखा नाही, असा निर्वाळा मंडळाने दिला. फाशीऐवजी जन्मठेप झाली. तो येरवड्याला राहिला आणि १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने मरण पावला.

काही वाचकांना येथे अंगुलिमालाची आठवण होईल. परंतु ही तुलना जपून करावी. अंगुलिमालाला उपदेश ऐकू आला, पटला आणि तो पालटला. राघवचा आजार उपदेशाने जाणारा नव्हता. त्याला औषध हवे होते आणि ते फार लवकर हवे होते. न्यायालयाने त्याला निर्दोष म्हटले नाही, मोकळेही सोडले नाही. मेलेल्यांचा न्याय राखून आजारी माणसाला फासावर न चढविणे, एवढा सूक्ष्म तोल कायद्याने सांभाळला.

याचा आपल्याशी काय संबंध? एक प्रसंग सांगतो. सरकारने आपल्या नावावर कोट्यवधी रुपये ठेवले आहेत, ते द्या, म्हणून एक तरुण आमच्या कौंटरवर वारंवार येत असे. सारे हसत, हसणाऱ्यांत आम्हीही होतो. पुढे तो येईनासा झाला. त्याच्या घरी कोण आहे, एवढेही आम्ही कधी विचारले नाही, याची बोचणी आजही आहे.

असा प्रत्येक माणूस खुनी होतो, असे मुळीच नाही. बहुसंख्य मनोरुग्ण कोणाला इजा करीत नाहीत. उलट तेच मार खातात. स्किझोफ्रेनिया बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. झोप उडणे, कानात आवाज येणे, सगळे आपल्या वाईटावर आहेत असे वाटणे, ही लक्षणे दिसताच आपल्या भागात अजून मांत्रिकाकडे धाव घेतली जाते. करणीचा संशय घेऊन एखाद्या म्हातारीला छळले जाते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असल्या छळाला गुन्हा ठरविले आहे. जिल्हा रुग्णालयात आणि नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात उपचार मिळतात. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस'चा सल्लाही मोफत मिळतो.

विद्यार्थी मित्रांनी हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. आणि आपल्या वस्तीत कोणी एकटाच बोलत फिरताना दिसला, तर हसण्यापूर्वी त्याच्या घरी कोण आहे, याची चौकशी करावी, एवढीच विनंती.