स्टेपला तक्ता देताना: रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

तुमचं संशोधन कोणत्याही विषयातलं असो, आज ना उद्या तुम्ही एक स्क्रिप्ट लिहाल, तिच्यातून एक आकडा निघेल आणि तो प्रबंधात जाऊन बसेल. तो आकडा बरोबर आहे हे तपासणार कोण? गाईडना तुमचा कोड वाचायला वेळ नसतो, आणि बऱ्याचदा तो वाचताही येत नाही. म्हणून मी चाचण्या बीडीडी पद्धतीने लिहायला लागले. बीडीडी म्हणजे बिहेवियर ड्रिव्हन डेव्हलपमेंट. डॅन नॉर्थ यांनी ही कल्पना मांडली, त्यांचा यावरचा गाजलेला लेख २००६ चा. यात चाचणी साध्या वाक्यांत लिहितात: अमुक परिस्थिती आहे, अमुक घडतं, मग अमुक दिसायला हवं. प्रत्येक वाक्य ही एक स्टेप, आणि प्रत्येक स्टेपमागे एक फंक्शन. ही वाक्यं ज्या भाषेत लिहितात तिचं नाव गर्किन. गर्किनच्या यादीत मराठी शब्दही आहेत! (तुमच्या साधनाची आवृत्ती जुनी असेल तर इंग्रजी शब्द वापरा, बाकी काही बदलत नाही.)

माझं उदाहरण पावसाच्या नोंदींचं आहे:

परिदृश्य: नोंद नसलेला दिवस सरासरीत धरू नये
  दिलेल्या प्रमाणे केंद्राच्या नोंदी अशा आहेत
    | दिवस | पाऊस |
    | १    | १२   |
    | २    | ०    |
    | ३    |      |
    | ४    | ९    |
  जेव्हा सरासरी काढली जाते
  मग सरासरी ७ मिमी यावी

पहिल्या स्टेपच्या लगेच खाली जो तक्ता आहे, तो त्या स्टेपचाच. पायथनच्या 'बिहेव्ह'मध्ये तो फंक्शनला कॉन्टेक्स्टच्या 'टेबल' या गुणधर्मातून मिळतो. त्यावर लूप फिरवायचा आणि 'पाऊस' हे शीर्षक वापरून प्रत्येक ओळीतली किंमत घ्यायची. जावाच्या ककुंबरमध्ये तोच तक्ता फंक्शनचा शेवटचा पॅरामीटर म्हणून येतो. तक्ता नसता तर हीच माहिती चार वाक्यांत कोंबावी लागली असती.

इथे बहुतेक जण एक गल्लत करतात, मीही केली होती. गर्किनमध्ये दुसराही एक तक्ता असतो, 'परिदृश्य रूपरेखा'च्या खाली 'उदाहरण' म्हणून येणारा. दिसायला अगदी सारखाच, पण काम वेगळं. त्यात प्रत्येक ओळीसाठी अख्खं परिदृश्य पुन्हा चालतं. चार ओळी म्हणजे चार चाचण्या. वरच्या तक्त्यात मात्र चाचणी एकच आहे, आणि चारही ओळी तिला एकत्र मिळतात. सरासरीला सगळे दिवस एकदम लागतात, म्हणून तिथे स्टेपचा तक्ता. पण भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार २.५ मिमी किंवा जास्त पाऊस पडला तर तो 'पावसाचा दिवस'. ही सीमा तपासायची असेल तर २.४, २.५ आणि २.६ हे तीन आकडे एकमेकांशी संबंध नसलेले आहेत. तिथे रूपरेखाच हवी.

आता खरी अडचण. तक्त्यातून येणारी प्रत्येक गोष्ट मजकूर म्हणूनच येते. १२ हा आकडा नसतो, तो 'एक' आणि 'दोन' या दोन अक्षरांचा मजकूर असतो. पायथनमध्ये मजकूर म्हणून तुलना केली तर १२ हे ९ पेक्षा लहान ठरतं, आणि एररही येत नाही! तेव्हा रूपांतर स्टेपमध्येच, उघडपणे करा. (गंमत म्हणजे पायथनच्या 'इंट' आणि 'फ्लोट'ला देवनागरी अंकही समजतात.)

आणि रिकामा रकाना? बिहेव्हमध्ये तो रिकामा मजकूर म्हणून येतो, जावाच्या ककुंबरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'नल' म्हणून. रिकामा मजकूर 'फ्लोट'ला दिला की पायथन ओरडतो. तो ओरडू नये म्हणून मी एका रात्री घाईत लिहिलं: किंमत नसेल तर शून्य घे. झालं, चाचणी शांत. मात्र या एका ओळीने पर्जन्यमापक बंद असलेला दिवस कोरडा दिवस बनला. माझ्या मूळ प्रोग्रामपर्यंत रिकामी नोंद कधी पोचलीच नाही, म्हणजे जे तपासायचं होतं तेच स्टेपने वाटेत गिळून टाकलं. वर शेवटच्या स्टेपमध्ये तेव्हा ७ नव्हतं, ५.२५ होतं, कारण तो आकडा मी प्रोग्रामच्याच उत्तरातून उचलला होता. (हे कधीच करू नका. अपेक्षित उत्तर हातानेच काढा.)

कित्येक आठवडे सगळं हिरवं दिसत होतं. मग मॅडमनी प्रिंटआऊटवरचा तक्ता पाहिला आणि पेन्सिलने समासात लिहिलं: "बारा अधिक नऊ एकवीस, भागिले तीन, सात. हे सव्वापाच कुठून आलं?" त्यांनी कोडची एकही ओळ पाहिली नव्हती. मूळ प्रोग्राम उघडला तर तिथेही मी तोच 'नसेल तर शून्य' लिहून ठेवलेला! एका प्रकरणातले सगळे आलेख पुन्हा काढावे लागले.

आणखी एक खाचखळगा सांगते. बिहेव्ह पहिली ओळ नेहमी शीर्षक मानतो. 'केंद्र | पुणे', 'वर्ष | २०१९' असा दोन रकान्यांचा सेटिंगचा तक्ता शीर्षकाशिवाय लिहिलात तर पहिली सेटिंग शीर्षकात जाते आणि लूपमध्ये दिसतच नाही. त्यामुळे वर 'नाव | किंमत' अशी एक ओळ घालायची सवय लावून घ्या.

माझ्या तक्त्यात आता तिसऱ्या दिवसापुढे रिकामी जागा नाही, 'नोंद नाही' असे शब्द आहेत. स्टेप फक्त हे दोन शब्द आणि आकडे ओळखते. तिसरं काहीही आलं, अगदी रिकामा रकाना आला तरी, चाचणी तिथेच लाल होते.