शाकुंतलातील वेशभूषा : वल्कल, क्षौम आणि नऊवारी

भारतीय नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य असे चार प्रकार मानले आहेत. यांपैकी आहार्याचा, म्हणजे वेशभूषा, अलंकार आणि रंगभूषा यांचा, विचार साहित्याच्या अभ्यासात सहसा शेवटी आणि सजावटीचा भाग म्हणून केला जातो. संहिता वाङ्मयाची आणि वेश रंगभूमीचा, अशी वाटणी त्यामागे गृहीत असते. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’पुरती ही वाटणी टिकत नाही. या नाटकात वस्त्र हे कथानकाचेच अंग आहे. म्हणून चित्रकारांनी आणि नटांनी शकुंतलेला कोणता वेश दिला, हा प्रश्न नाट्यार्थाचाही ठरतो.

प्रथम संहितेची साक्ष पाहणे इष्ट होय. पहिल्या अंकात प्रियंवदेने वल्कल फार आवळून बांधल्याची तक्रार शकुंतला करते आणि अनसूया ते सैल करते. शकुंतलेचे यौवन प्रेक्षकांपुढे प्रथम येते ते या वल्कलाच्या निमित्ताने. अंकाच्या शेवटी दर्भांकुर पायाला बोचल्याचे आणि वल्कल फांदीत अडकल्याचे निमित्त करून ती रेंगाळते. वल्कल खरोखर अडकलेच नव्हते, हे दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकाला सांगतो. चौथ्या अंकात तपोवनातील वृक्ष तिला क्षौमवस्त्र, अळता आणि आभरणे देतात. पाचव्यात ती अवगुंठन घेऊन राजसभेत येते. सातव्यात मळकट वस्त्रे आणि एकवेणी अशा विरहव्रतातील वेशात ती दुष्यंतास भेटते. वल्कल, क्षौम, अवगुंठन आणि व्रतस्थ वेश हा क्रम म्हणजे आश्रमकन्या, वधू, नाकारलेली पत्नी आणि माता या तिच्या अवस्थांचाच क्रम होय.

चौथ्या अंकातील आणखी एक तपशील या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. सख्यांनी दागिने कधी वापरलेले नाहीत. तेव्हा चित्रांच्या परिचयावरून आपण शकुंतलेला सजवू, असे त्या म्हणतात. चित्र पाहून वेश ठरवण्याची कल्पना अशा रीतीने खुद्द कालिदासाच्या संहितेतच आहे. एकोणिसाव्या शतकात ती वेगळ्या अर्थाने खरी ठरली.

विल्यम जोन्सच्या १७८९ च्या इंग्रजी भाषांतराने हे नाटक युरोपास परिचित झाले होते. मुंबईत १८१९ मध्ये जन्मलेल्या मोनिअर विल्यम्स याने त्याचे नवे भाषांतर केले. ते १८५५ मध्ये हर्टफर्ड येथे स्टीफन ऑस्टिन याने सचित्र स्वरूपात प्रसिद्ध केले. त्यातील रेखाटने टॉमस सलमन या इंग्रज चित्रकाराची असून लाकडी ठशांचे कोरीव काम जॉर्ज मीझम याचे आहे. पृष्ठांच्या वेलबुट्टीसाठी सलमनने ब्रिटिश म्युझियममधील पौर्वात्य हस्तलिखितांचा आधार घेतला. त्याचे नमुने रंगभूमीवरून नव्हे, ग्रंथालयातून आलेले होते. आणि ती हस्तलिखिते कालिदासाच्या काळाहून कितीतरी शतकांनी अलीकडची होती. तेव्हा या चित्रांतील प्राचीनता अभ्यासपूर्वक जुळवलेली असली, तरी ती कालिदासकालीन म्हणता येत नाही. ती वाचकासाठी होती. नटाने अंगावर घालावयाचा वेश तीमधून सिद्ध होत नव्हता.

राजा रविवर्मा यांनी हा प्रश्न निराळ्या मार्गाने सोडवला. त्यांचे ‘शकुंतला पत्रलेखन’ हे चित्र १८७६ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात गाजले; तेथील गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी ते विकत घेतले. पुढे मोनिअर विल्यम्सने आपल्या भाषांतरास तेच मुखचित्र म्हणून योजले. सलमनच्या चित्रांनी सजलेल्या ग्रंथाला अखेर भारतीय चित्रकाराची शकुंतला लाभली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी पौराणिक चित्रे काढण्यापूर्वी रविवर्म्यांनी प्राचीन वेशाच्या शोधार्थ भारतभर प्रवास केल्याचे चरित्रकार सांगतात. सर्वमान्य असा प्राचीन वेश हाती न आल्याने त्यांनी हयात असलेली साडीच पुराणकाळाला नेसवली. मुंबईत १८९४ मध्ये त्यांचा शिळाछापखाना सुरू झाला आणि आरंभीच्या छापील चित्रांतच ‘शकुंतलाजन्म’ होते. घरोघरच्या भिंतींवर गेलेल्या या चित्रांनी पौराणिक स्त्रीचे रूप लोकमानसात निश्चित केले.

पायातील काटा काढण्याच्या निमित्ताने मागे वळून पाहणारी रविवर्म्यांची शकुंतला तर सर्वपरिचित आहे. या चित्रात संहितेतील दोन बहाण्यांपैकी एकच उरला आहे. काटा आला, फांदीत गुंतलेले वल्कल गेले. साडी नेसलेल्या शकुंतलेकडून वल्कल सोडवून घेण्याचा अभिनय होऊ शकत नाही. वेश बदलला की अभिनयाची एक संधीही कशी नाहीशी होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

मराठी रंगभूमीने याच दिशेने आणखी एक पाऊल टाकले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. त्या रात्रीचे नाटक शकुंतलेच्या पाठवणीवर संपले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याच्या त्या काळात वेशावरील भार दुहेरी होता: पात्र दाखवणे आणि नटाचे पुरुषत्व झाकणे. मराठी प्रेक्षकांच्या ओळखीच्या नऊवारीने हे काम चोख केले. बालपणी जळगावात संगीताचे धडे घेतलेल्या नारायण श्रीपाद राजहंस यांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतलेच्याच भूमिकेने पदार्पण केले. पुढे १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाल्यावर उंची वस्त्रे आणि अलंकार हे त्यांच्या रंगभूमीचे एक लक्षण बनले. त्यांचे नेसणे आणि केशरचना यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. सख्यांनी चित्रावरून वेश शिकावा, तसा तो आता प्रेक्षक रंगमंचावरून शिकू लागले.

या स्थित्यंतराचे मूल्यमापन एकेरी असू नये. नऊवारीतील शकुंतला मराठी प्रेक्षकांना आपली लेक वाटली. आखाजीला माहेरी येणाऱ्या सासुरवाशिणींची गाणी ऐकत वाढलेल्या खानदेशातील माणसाला कण्वाचा गहिवर समजावून सांगावा लागत नाही. ओळखीच्या वेशाने ही जवळीक दृढच केली. तथापि पहिल्या अंकातच नायिका भरजरी वस्त्रांत अवतरली, तर चौथ्या अंकातील क्षौमाचे अपूर्व उरत नाही. वनाने आपल्या कन्येला दिलेला आहेर केवळ वस्त्रबदल ठरतो आणि सातव्या अंकातील मळक्या वस्त्रांची तीव्रताही उणावते. रविवर्मा आणि बालगंधर्व यांनी शकुंतलेला लोकांच्या जवळ आणले. त्याची किंमत संहितेतील वस्त्रक्रमाने मोजली.

शिरपूर, चोपडा, अमळनेर यांसारख्या गावांतील पदव्युत्तर विद्यार्थ्याला ‘संगीत शाकुंतला’चा प्रयोग क्वचितच पाहावयास मिळतो. त्याच्यापुढे असते ती संहिता आणि मनात आधीच ठसलेले कुठले तरी चित्र. हे चित्र कालिदासाचे नसून एका विशिष्ट काळाने दिलेले उत्तर आहे, याची जाणीव अध्यापनात करून देणे आवश्यक आहे. त्यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. प्रत्येक अंकाच्या वाचनात शकुंतलेच्या अंगावर काय आहे, ते तिला कोणी दिले आणि त्याचा उल्लेख कोण करते, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुरे. त्यांची उत्तरे शोधताना सजावट म्हणून बाजूला ठेवलेले आहार्य पुन्हा अभिनयाच्या पंक्तीत येऊन बसते.