रवंथ पुढे सरकतो

मिठबावच्या सड्यावर चरून आलेली गुरं दावणीला बसली की त्यांची तोंडं हलू लागतात. मान नीट निरखली तर डाव्या बाजूनं एक गोळा सरकन वर चढताना दिसतो. जबडा पन्नासेक वेळा फिरतो, गोळा खाली उतरतो, क्षणभर सगळं थांबतं आणि दुसरा वर येतो. इथली लहान चणीची कोकण कपिला असो, म्हैस असो की कन्याळ शेळी, रीत एकच.

सड्यावर घाईनं गिळलेलं गवत पोटाच्या पहिल्या कप्प्यात, कोटीपोटात साठतं. त्यातलं सेल्युलोज फोडणं गाईला स्वतःला जमत नाही. ते काम तिथले जिवाणू, आदिजीव आणि बुरश्या करतात. त्यांना आयतं भुसकट पुरवायचं आणि आंबण्यातून होणारं आम्ल लाळेनं मारायचं, यासाठी हा दुसरा घास. मोठ्या दुभत्या गाईला दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ सुटते. पेंढ्यासारखी जाडीभरडी वैरण असेल तर रवंथाचे सात-आठ तास सहज होतात. पुढे पडदेपोटाच्या तोंडाशी मात्र चाळण असावी तशी निवड होते: काही मिलिमीटरपर्यंत बारीक झालेलं आत जातं, जाडंभरडं मागे राहतं आणि पुन्हा वर येतं. रवंथ थांबला की घरधनी काळजीत पडतो, ते योग्यच. डॉक्टर डाव्या कुशीवर मूठ दाबून कोटीपोट हलतंय का ते आधी पाहतात.

विचारांनाही आपण रवंथ म्हणतो, पण तिथे ही चाळण नसते. ऑक्टोबर १९८९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ मोठा भूकंप झाला. मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांची तपासणी योगायोगानं त्याआधीच केली होती. आपलं दुःख आणि त्याची कारणं मनात घोळवत बसण्याची ज्यांना आधीपासून सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर कित्येक आठवड्यांनीही नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. घोळवून घोळवून त्यांचा घास बारीक झालाच नव्हता. चिंतनाला मी रवंथ म्हणेन ते एका अटीवर: विचार प्रत्येक फेरीत थोडा तरी पुढे सरकला पाहिजे.

मग रवंथ करताना गाईच्या डोक्यात काय चालतं? गाईच्या दूरच्या भाऊबंदांकडून, रेनडिअरकडून, याचं थोडं उत्तर मिळालं. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो इथे त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या गेल्या. निष्कर्ष २०२३च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. रवंथ करतानाच्या लहरी शांत झोपेतल्या लहरींसारख्या निघाल्या, आणि रवंथ जास्त झाला की झोपेची गरज कमी झालेली दिसली. ध्रुवाकडच्या छोट्या उन्हाळ्यात या प्राण्यांना हिवाळ्यासाठी अंगावर चरबी साठवायची असते, चरायला वेळ पुरत नाही. तेव्हा झोपेचा काही वाटा ते चघळता चघळताच उरकून घेतात.