खोडदच्या तबकड्या आणि परक्या सूर्यांचे ग्रह

कोपरगावच्या बेटावर गोदावरीकाठी शुक्राचार्यांचे मंदिर आहे. संजीवनी विद्या शिकायला आलेल्या कचाची आणि देवयानीची गोष्ट या परिसराशी जोडलेली आहे. शुक्राचार्यांच्या नावाचा ग्रह मात्र आपल्याला सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी थोडा वेळच दिसतो. दुपारी तो आकाशातून कुठे गेलेला नसतो. सूर्याच्या झगमगाटात आपल्या डोळ्यांना तो वेगळा काढता येत नाही, एवढेच. इतर ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह, म्हणजे बाह्यग्रह, पाहू जाता शास्त्रज्ञांपुढे हीच अडचण उभी राहते, आणि ती कित्येक पटींनी मोठी असते.

सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला बाह्यग्रह १९९५ मध्ये सापडला. आज अशा ग्रहांची संख्या सहा हजारांच्या घरात आहे, पण त्यांपैकी बहुतेक कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत. ग्रह समोरून गेल्यावर ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो किंवा ग्रहाच्या ओढीने तारा थोडासा डुलतो, त्यावरून ग्रहाचे अस्तित्व ओळखले जाते. थेट पाहायचे तर प्रकाश आड येतो. आपला सूर्य दृश्य प्रकाशात गुरूपेक्षा सुमारे १०० कोटी पट तेजस्वी आहे. शेकडो प्रकाशवर्षांवरून पाहणाऱ्याला ही जोडी वेगळी दिसणे किती अवघड, याची कल्पना येईल.

दुर्बीण जितकी रुंद, तितके जवळजवळचे दोन ठिपके ती वेगळे दाखवू शकते. पण काही किलोमीटर रुंदीचा आरसा कोण घडवणार? त्यावरचा तोडगा म्हणजे इंटरफेरोमेट्री. घाटावर उभे राहून संथ पाण्यात दोन खडे टाकले, की दोन्हीकडून तरंग निघतात. जिथे उंचवट्यावर उंचवटा येतो तिथे पाणी जास्त उचलले जाते. जिथे उंचवट्यावर खळगा येतो तिथे ते शांत राहते. ताऱ्यांकडून येणाऱ्या लहरींचेही असेच असते. एकाच ताऱ्याची लहर दूरदूरच्या दोन दुर्बिणींवर किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचते. हा फरक मोजून दोन्ही लहरी जुळवल्या, की त्या दोन दुर्बिणी मिळून त्यांच्यामधल्या अंतराएवढ्या रुंद दुर्बिणीइतका बारकावा दाखवतात.

या तंत्राचे जगातले एक मोठे केंद्र कोपरगावपासून सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटरवर आहे. संगमनेर ओलांडून नाशिक-पुणे महामार्गाने नारायणगावला गेले, की पूर्वेकडे खोडद लागते. तिथे ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’, म्हणजेच जीएमआरटी आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली आणि पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतल्या १४ मध्यभागी एकवटलेल्या आणि १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या. टोकाच्या दोन तबकड्यांतले अंतर सुमारे २५ किलोमीटर. म्हणजे बारकाव्याच्या हिशेबाने ही २५ किलोमीटर रुंदीची एकच दुर्बीण. उद्या कोपरगावात एक तबकडी उभारून ती खोडदला जोडली, तर हा बारकावा साधारण चौपट होईल.

तारा आणि ग्रह वेगळे दिसण्यासाठी मात्र याहून कितीतरी जास्त बारकावा लागतो. तो प्रकाशलहरींवर मिळतो, कारण लहर जितकी आखूड तितका बारकावा अधिक. चिलीतील पारानाल पर्वतावर ८.२ मीटर व्यासाच्या चार दुर्बिणींचा प्रकाश भुयारांतून एकत्र आणला जातो. रेडिओलहरी नोंदवून संगणकात जुळवता येतात. प्रकाशाच्या लहरी मात्र तिथल्या तिथे, मिलिमीटरच्याही अगदी लहान अंशापर्यंत, नेमक्या जुळवाव्या लागतात. तिथल्या ‘ग्रॅव्हिटी’ या उपकरणाने २०१९ मध्ये एचआर ८७९९ ई या बाह्यग्रहाचा प्रकाश ताऱ्यापासून वेगळा काढला. इंटरफेरोमेट्रीने बाह्यग्रह थेट पाहिल्याची ही पहिली वेळ. सुमारे १२९ प्रकाशवर्षांवरच्या त्या ग्रहावर लोह आणि सिलिकेटचे ढग घोंघावत असल्याचे आणि तापमान ८८० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याचे त्या प्रकाशातून कळले.

मग खोडदच्या तबकड्यांचे काम काय? त्या जे शोधतात, ते प्रकाशात दिसत नाही. गुरू ग्रहाकडून रेडिओलहरी येतात हे १९५५ मध्ये लक्षात आले. विद्युतभारित कण गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून ध्रुवांकडे धावतात आणि त्यातून या लहरी निघतात. कमी वारंवारतेला गुरूचा हा आवाज कधी कधी शांत सूर्यालाही मागे टाकतो. १०० कोटी पटींची तफावत इथे जवळपास मिटते. शिवाय लहरींच्या वारंवारतेवरून चुंबकीय क्षेत्राची ताकद थेट काढता येते. पृथ्वीचे चुंबकीय कवच सूर्याकडून येणाऱ्या कणांचा मारा बाजूला वळवते. दूरच्या एखाद्या ग्रहाला असे कवच आहे का, हे जीवसृष्टीच्या शोधातले महत्त्वाचे कोडे आहे.

फ्रान्स आणि भारतातील संशोधकांनी २००९ मध्ये खोडदहून हंस तारकासमूहातील हॅट-पी-११ बी या ग्रहाकडे कान लावला. नेपच्यूनएवढा हा ग्रह आपल्या ताऱ्याला पाच दिवसांच्या आत फेरी मारतो. १५० मेगाहर्ट्झला त्या दिशेने एक क्षीण संकेत मिळाला. तारा आणि ग्रह वेगळे दाखवणे जीएमआरटीच्या आवाक्याबाहेरचे होते, पण ग्रह ताऱ्यामागे गेला तेव्हा संकेतही थांबला. तो खरोखर ग्रहाचा असेल, तर त्याचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या सुमारे १०० पट ठरते. पुढच्या वर्षी पुन्हा निरीक्षण केले, तेव्हा काहीच ऐकू आले नाही. त्यामुळे २०१३ च्या शोधनिबंधात संशोधकांनी शोधाचा दावा न करता केवळ शक्यता मांडली. २०२१ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून याच ग्रहाभोवती चुंबकीय क्षेत्राच्या खुणा समोर आल्या. त्याचा आवाज पुन्हा ऐकणे मात्र अजून बाकी आहे.

हा संकेत किती नाजूक होता? चंद्रावर एखादा मोबाइल चालू ठेवला, तर त्याच्या पट्ट्यात तो यापेक्षा हजारो पट ठळक भासेल. खोडदच्या आसपासचा प्रत्येक मनोरा, प्रत्येक ठिणगी म्हणूनच महत्त्वाची ठरते. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेच्या वादात हाच मुद्दा पुढे आला. नारायणगावमार्गे जाणारा मार्ग दुर्बिणीला बाधक ठरेल, असे सांगत रेल्वे मंत्रालयाने अहिल्यानगर-शिर्डीमार्गे पर्याय मांडला. शिर्डी कोपरगावच्या उशाशी. त्यामुळे इकडच्यांना आनंद झाला असेल, तर जुन्नर-संगमनेरकडच्यांचा विरोधही समजण्यासारखा आहे. रेल्वे, रोजगार आणि विज्ञान या तिन्हींची गरज खरी आहे. कोणी काय सोडायचे, याचा हिशेब मात्र मोकळेपणाने लोकांपुढे मांडला गेला पाहिजे, आणि तो मांडायचा तर ही दुर्बीण नेमके काय ऐकते हे आधी लोकांना माहीत हवे.

त्यासाठी लांब जायला नको. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीअखेरीस, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. ग्रामीण भागातील शाळांची मुले तिथे आपले प्रयोग मांडतात आणि तबकड्या जवळून पाहतात. कोपरगावच्या शाळांसाठी ही एका दिवसाची सहल आहे. फक्त आत जाण्याआधी मोबाइल बंद करावा लागतो. कारण मुलांनी आता वाचलेच आहे.