बिऱ्हाड कोणत्या बाजूला करायचं?

गाव बदलताना : लेखांक ५

पुण्यात नोकरी पक्की झाली की बहुतेक घरांतून पहिला फोन एजंटाला जातो आणि प्रश्नही ठरलेला असतो : ऑफिसच्या जवळ टू बीएचके कितीला मिळेल? सामान हलवण्याचा आणि सुरुवातीच्या महिन्यांचा खर्च आपण मागच्या आठवड्यात मांडला. आता जागा कुठे बघायची ते पाहू. हा लेखांक मुख्यतः विदर्भ-मराठवाड्यातून सहकुटुंब पुण्याला येणाऱ्यांसाठी आहे. माझं म्हणणं असं की, नकाशावर ऑफिसची खूण सगळ्यात शेवटी करा. त्याआधी मुलांची शाळा, आजोबांचा दवाखाना, आजीचं देऊळ, भाजी, किराणा यांच्या खुणा करा. कमावणारा माणूस सकाळी जातो तो संध्याकाळीच उगवतो. त्या भागात दिवस काढायचा असतो तो बाकीच्यांनी.

अमरावतीहून आलेल्या एका ओळखीच्या कुटुंबाचं सांगतो. नवरा हिंजवडीत नोकरीला, बायको घरून शिकवण्या घेणारी, मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीत, शिवाय नवऱ्याचे आई-बाबा. जागा घेतली मारुंजीच्या बाजूला, अकराव्या मजल्यावर. ऑफिस दुचाकीनं हाकेच्या अंतरावर, सोसायटीत पोहण्याचा तलाव, क्लब हाउस, सगळं होतं. मुलांची शाळा मात्र वाकडच्या पुढे. बस सकाळी सव्वासहाला गेटवर यायची आणि दुपारी भूमकर चौकात किती गर्दी आहे त्यावर पोरं तीनला घरी येणार की चारला ते ठरायचं. बाबांना पहाटे लांबवर फिरायला जायची जुनी सवय. इथे गेटबाहेर फूटपाथ नव्हता आणि रस्त्यावरून डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर धावत होते. मग ते पार्किंगच्या वरच्या मोकळ्या गच्चीवर फेऱ्या मारत. आईंची पंचाईत वेगळीच. अमरावतीत कोथिंबीर संपली की त्या पायात चपला सरकवून कोपऱ्यावर जायच्या आणि दोघी-तिघींशी बोलून परत यायच्या. इथे कोथिंबीर ॲपवरून दहा मिनिटांत येई, आणि दार उघडेपर्यंत पिशवी ठेवणारा मुलगा लिफ्टमध्ये शिरलेला असे. ‘जरा अमरावतीला जाऊन येते’ म्हणून त्या दोनदा गेल्या आणि दुसऱ्या खेपेला परतायचं नाव काढेनात.

करार संपला तसं हे बिऱ्हाड निगडी प्राधिकरणात हललं. १९७२ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणानं सेक्टर पाडून आखलेला हा भाग. रस्ते रुंद, झाडं वाढलेली, बाजार चालत जाण्याजोगा. फ्लॅट जुना आहे, लिफ्ट लहान, क्लब हाउसचं नाव नाही. नवऱ्याला ऑफिसला जायला आता पाऊण-एक तास लागतो आणि तो त्याबद्दल कुरकुरतोही. पण बाबा रोज दुर्गा टेकडीवर जातात आणि आईंना दुसऱ्याच महिन्यात भजनी मंडळ मिळालं.

हिंजवडी टाळा, असं मला मुळीच सुचवायचं नाही. नवरा-बायको दोघंही तिथेच कामाला असतील, मूल पाळणाघराच्या वयाचं असेल, तर ऑफिसजवळचं घर म्हणजे रोजचे दोन तास हाती आले. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आणि शाळकरी पोरांचा हिशेब मात्र वेगळा पडतो, आणि जागा बघायला जाताना नेमकी हीच मंडळी बरोबर नसतात.

बाहेरून येणाऱ्याला चटकन न कळणारी गोष्ट म्हणजे हद्द. आपण ज्याला सरसकट पुणे म्हणतो ते कारभाराच्या दृष्टीनं एक गाव नाही. कोथरूड, बाणेर, खराडी, हडपसर पुणे महापालिकेत; वाकड, रावेत, पिंपळे सौदागर, मोशी पिंपरी-चिंचवड महापालिकेत. आयटी पार्क ज्यांच्या अंगणात उभं राहिलं त्या हिंजवडी, माण, मारुंजी मात्र वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीच राहिल्या. त्यामुळे तिथला एक रस्ता एमआयडीसीचा, पुढचा पीएमआरडीए या महानगर प्राधिकरणाचा, आणि कचरा कोणी उचलायचा याचं उत्तर तिसरीकडेच. एकाच रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे वेगळं पाणी आणि वेगळा कारभार असू शकतो. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं आली. धायरी, उंड्री, लोहगावचा उरलेला भाग आधी. वाघोली, मांजरी, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे नंतर. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर आत घेऊन पुन्हा बाहेर काढली आणि त्यांची वेगळी नगर परिषद केली. जाहिरातीत ‘महापालिका हद्दीत’ असं ठळक छापलेलं असतं. पण गाव हद्दीत येणं ही एका अधिसूचनेची गोष्ट, आणि जलवाहिनी, ड्रेनेज, बसचा मार्ग तिथवर पोचणं ही पुढच्या अनेक वर्षांची.

त्यातही पाण्यावर थोडं थांबायला हवं, कारण पुण्यात भाड्याच्या घराचं सुखदुःख निम्मं तरी पाण्यावर ठरतं. जुन्या पुण्याला पाणी येतं खडकवासला साखळीतून, म्हणजे पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खुद्द खडकवासला या धरणांतून. खराडी, वडगाव शेरी, धानोरी या पूर्वेकडच्या पट्ट्याला २०२१ पासून भामा आसखेडचं पाणी मिळू लागलं. पिंपरी-चिंचवडची तहान पवना धरणावर. धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून निगडीत शुद्ध करतात. तिथे २०१९ च्या अखेरीस दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला आणि वर्षं उलटली तरी तो तसाच चालू राहिला. मोठी टाकी असलेल्या सोसायटीला दिवसाआड पाणी फारसं जाणवत नाही. खरा त्रास जिथे जलवाहिनी पुरेशी नाही आणि बोअर व टँकरवर भिस्त आहे तिथे होतो. नव्या वस्त्यांत हे सर्रास आढळतं.

एजंट म्हणेल, ‘पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही.’ त्याच्यावर विसंबू नका. खाली येऊन वॉचमनशी बोला : एप्रिल-मेमध्ये दिवसाला किती टँकर येतात? तो आकडा सांगेल, कारण गेट त्यालाच उघडावं लागतं. मग वर जाऊन न्हाणीघरातला शॉवर बघा. भोकं पांढऱ्या थरानं बुजली असतील, तोटीवर चुन्यासारखे पापुद्रे असतील, तर बोअरचं जड पाणी आहे. त्या पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल लवकर जाते आणि पिण्यासाठी आरओ बसवावाच लागतो. मे महिन्याचं मेंटेनन्सचं बिल मागून बघा. टँकरचे पैसे त्यात धरलेत की वर्गणी वेगळी, आणि ती मालक भरणार की तुम्ही, हे करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर पहिल्या उन्हाळ्यात वाद होतोच.

पाणी किती येतं एवढंच बघूनही भागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस (गुइलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. हीच ती नव्यानं हद्दीत आलेली गावं. घरात लहान मूल असेल तर पाणी शुद्ध होऊन येतं की विहिरीतून थेट, हा प्रश्न लाजून टाळू नका.

आता नदीकाठचं. ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून जो फ्लॅट दाखवतात त्याच्या बाबतीत पूररेषेची चौकशी करा. जलसंपदा विभागाच्या नकाशावर दोन रेषा असतात : निळी, साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. १९६१ साली १२ जुलैला पानशेत धरण फुटलं, ती आठवण जुन्या पुण्यात अजून ताजी आहे. पण धरण फुटावंच लागतं असं नाही. २५ जुलै २०२४ ला मुसळधार पाऊस आणि खडकवासल्याचा विसर्ग एकत्र आला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरून लोकांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. नदीच कशाला, सप्टेंबर २०१९ मधल्या एका रात्री आंबिल ओढ्यानं अरण्येश्वर, सहकारनगरच्या बाजूला माणसं आणि गाड्या वाहून नेल्या. कोरड्या दिवसात तो ओढा डोळ्यांत भरतही नाही. तळमजला किंवा बेसमेंटमधलं पार्किंग असेल तर आसपासच्या दुकानदाराला विचारा, पूर आला त्या वर्षी इथे पाणी कुठवर आलं होतं? तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

फारसा कोणी न बोललेला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. गावाकडे जायचा रस्ता ज्या बाजूनं निघतो त्या बाजूला राहणं. लोक हे आपोआप करत आलेत. सोलापूरकडचे हडपसरला, सातारा-कोल्हापूरकडचे कात्रज-धनकवडीला, नगर-बीडकडचे खराडी-वाघोलीला टेकतात. विदर्भाकडे जाणाऱ्या अनेक खासगी बस नगर रस्त्यानंच बाहेर पडतात. एसटीची विदर्भ-मराठवाड्याची वाहतूक शिवाजीनगर स्थानकातून होते आणि मेट्रोच्या कामामुळे ते वाकडेवाडीला हललंय. रात्री अकराला गावाहून फोन आला, की वडिलांना दवाखान्यात नेलंय, तर कोथरूडच्या टोकाहून नगर रस्त्याला लागेपर्यंतच एक तास मोडतो. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं बडनेऱ्याहून येणाऱ्या आईला पुणे स्टेशनवरून आणायचं तर हाच हिशेब उलटा. आई-वडील गावीच राहणार असतील तर या मुद्द्याला ऑफिसइतकंच वजन द्या.

शाळेचं थोडक्यात. शाळा आधी, घर नंतर, हा क्रम शक्यतो मोडू नका, कारण घरं बारा महिने मिळतात आणि चांगल्या शाळेतल्या जागा मिळत नाहीत. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल तर घर ते शाळा अंतर मोजलं जातं. एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी प्राधान्य मिळतं. भाड्यानं राहणाऱ्यांना पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करार लागतो, नोटरीचा चालत नाही. तसंही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार कराराची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ‘कशाला खर्च, नोटरी करू’ म्हणणाऱ्या मालकाला हे शांतपणे सांगा.

पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नका. गावाकडचा प्लॉट विकून आलेली माणसं पैसे हातात आहेत म्हणून महिनाभरात बुकिंग करतात, आणि त्यांना दाखवला जातो तो येऊ घातलेल्या मेट्रोचा नकाशा. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. २०२५ च्या पावसाळ्यात त्यावर अजून चाचण्याच चालल्या होत्या. या जवळजवळ सात वर्षांत पाचवीतली मुलगी बारावीत जाते. जी गाडी आज धावतेय तीच हिशेबात धरा. पिंपरी ते स्वारगेट आणि वनाझ ते रामवाडी हे मार्ग जिल्हा न्यायालयाच्या स्थानकात एकमेकांना मिळतात. या दोन रेषांपासून चालत जाता येईल अशा जुन्या इमारतीतला साधा फ्लॅट मला नव्या टॉवरपेक्षा कुटुंबासाठी जास्त सोयीचा वाटतो. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला आणि गाडी न चालवणाऱ्या आजीला तिथून कोणाच्याही मदतीशिवाय गावभर फिरता येतं.

जागा रविवारी सकाळी बघू नका. रविवारी अकरा वाजता वाकडचा पूलही रिकामा असतो. मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी साडेसहाला जा, जमलं तर पावसात. एकदा सकाळी शाळेच्या वेळेला जा. बरोबर आई-वडिलांना न्या आणि गेटपासून औषधाच्या दुकानापर्यंत त्यांच्या चालीनं चालून बघा. सरकारी दवाखाना कोणता जवळ पडतो तेही पाहून ठेवा. पिंपरीत वायसीएम, औंधला जिल्हा रुग्णालय, स्टेशनजवळ ससून.

जागा पसंत पडली तरी अकरा महिने पूर्ण व्हायच्या आत सोडता येईल की नाही, ते करारातल्या ‘लॉक-इन’च्या कलमात बघा. ते सहा महिन्यांपेक्षा जास्त नको. सहसा दोन-तीन महिन्यांचं भाडं अनामत म्हणून जातं. ते परत देताना रंगकामाचे पैसे कापणार का, किती कापणार, हेही त्याच कागदावर आणा. घरात शिरायच्या दिवशी भिंती, नळ, खिडक्यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.

पुढच्या लेखांकात शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून सुरुवात करू, आणि वर्षाच्या मधोमध प्रवेश घ्यायचा झाला तर काय काय लागतं ते पाहू.